टायटॅनिकच्या अंतर्गत सजावटीतील अपूर्ण तपशील : पुराव्यांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना :
'टायटॅनिक' या जहाजाविषयी विपुल लेखन झाले आहे. त्यातील बहुतांश लेखन जहाजाच्या बुडण्याविषयी आहे. १० एप्रिल १९१२ रोजी साऊदॅम्प्टन बंदरातून निघताना हे जहाज आतून कितपत पूर्ण झाले होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. परंतु एखादी वस्तू 'पूर्ण' झाली हे कोण ठरवते आणि ते आपल्याला कोणत्या पुराव्याने कळते, हे दोन मूलभूत प्रश्न त्यात दडलेले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार केला आहे.

घाईची पार्श्वभूमी :
टायटॅनिकचे जलावतरण ३१ मे १९११ रोजी बेलफास्ट येथे झाले. त्यानंतर अंतर्गत बांधणी व सजावटीचे काम सुरू झाले. २० सप्टेंबर १९११ रोजी तिचे जुळे जहाज 'ऑलिम्पिक' हे 'हॉक' या युद्धनौकेशी धडकले आणि दुरुस्तीसाठी बेलफास्टला परतले. गोदीतील कामगार तिकडे वळवावे लागले. परिणामी टायटॅनिकची पहिली सफर २० मार्चऐवजी १० एप्रिलला ठरली. २ एप्रिल रोजी समुद्रातील चाचणी झाली आणि त्याच दिवशी जहाजाने बेलफास्ट सोडले. म्हणजे चाचणी आणि प्रवाशांचे आगमन यांत जेमतेम आठवडा होता.

समकालीन नोंदी :
जहाजाचे अभिकल्पक थॉमस अँड्र्यूज हे स्वतः या सफरीवर होते. त्यांच्यासह नऊ जणांचा 'हमी-गट' जहाजबांधणी कंपनीने पाठविला होता. नव्या जहाजात आढळणाऱ्या त्रुटी टिपणे व शक्य त्या दूर करणे, हे त्याचे काम होते. अँड्र्यूज यांच्या टिपणांचा तपशील १९१२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्रातून मिळतो. उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील अन्न गरम ठेवण्याचे उपकरण नीट चालत नव्हते. खासगी सज्ज्यांच्या भिंतींचा रंग अधिक गडद झाला होता. एका बाजूच्या वेताच्या सामानाला हिरवा रंग द्यावा, असा विचार होता. टोपी अडकविण्याच्या खुंट्यांना स्क्रू जास्त होते, ते कमी करावयाचे होते.

या नोंदी क्षुल्लक वाटतील. पण त्या त्याच दिवसांतील आहेत व ज्याच्यावर ती जबाबदारी होती त्याच्याच आहेत. त्यामुळे पुरावा म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. हमी-गटातील नऊच्या नऊ जण १५ एप्रिल रोजी जहाजाबरोबर मृत्यू पावले. ती यादी पुरी करणारे हातच उरले नाहीत.

घड्याळ की आरसा?
याउलट, मुख्य जिन्यावरील घड्याळाची कथा पाहण्यासारखी आहे. ऑलिम्पिकच्या जिन्यावर लाकडात कोरलेल्या दोन आकृतींच्या मध्ये एक घड्याळ होते. टायटॅनिकसाठीचे घड्याळ वेळेत तयार न झाल्याने तेथे तात्पुरता आरसा बसविला, असे सांगितले जाते. या कथेचा आधार म्हणजे एका कोरीव काम करणाऱ्या कारागिराची पुढील काळातील आठवण होय.

ही कथा तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे छायाचित्र. परंतु टायटॅनिकच्या मुख्य जिन्याचे एकही प्रमाणित छायाचित्र उपलब्ध नाही. पुस्तकांतून 'टायटॅनिकचा जिना' म्हणून छापली जाणारी चित्रे सामान्यतः ऑलिम्पिकची असतात. समुद्रतळाशी १९८५ मध्ये सापडलेल्या अवशेषांतही त्या जिन्याच्या जागी केवळ पोकळी आहे. तेव्हा आरशाची कथा सिद्धही होत नाही व खोडूनही काढता येत नाही. ती तशीच, तिच्या आधारासह सांगणे हेच प्रामाणिकपणाचे आहे. वर्गात ऑलिम्पिकचे चित्र दाखविताना ते जुळ्या जहाजाचे आहे, एवढे एक वाक्य सांगितले, तरी विद्यार्थ्याला अनुमान आणि पुरावा यांतील अंतर कळते.

'पूर्ण' कशाला म्हणावे?
आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. रंग आणि स्क्रू यांच्या बाबतीत जहाज अपूर्ण असल्याची नोंद झाली. जीवरक्षक होड्यांच्या बाबतीत मात्र ते कागदोपत्री पूर्णच होते. तत्कालीन ब्रिटिश नियम होड्यांची संख्या जहाजाच्या टनांवर ठरवीत आणि त्यांची सर्वांत वरची पायरी १०,००० टनांची होती. टायटॅनिक ४६,००० टनांहून मोठे होते. नियमानुसार १६ होड्या पुरेशा होत्या. जहाजावर २० होत्या. त्यांत ११७८ जणांची सोय होती, तर जहाजावर सुमारे २२०० माणसे होती. विशेष म्हणजे होड्या सोडण्यासाठी बसविलेली यंत्रणा याहून अधिक होड्या हाताळू शकेल अशी होती. ती क्षमता रिकामी राहिली. पण नियमाच्या दृष्टीने त्यात काही अपूर्ण नव्हते.

समारोप :
येथे अँड्र्यूज यांना दोष देण्याचा हेतू नाही. रंग गडद झाला हे डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची नोंद होते. नियमच जुना झाला असेल, तर त्यातून राहिलेली उणीव तपासणीच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. टायटॅनिकच्या अपूर्ण तपशिलांचा अभ्यास करताना सापडलेल्या याद्या वाचाव्यातच. परंतु त्या याद्यांत कोणत्या गोष्टींना जागाच नव्हती, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे.