झिजलेली रायफल : विकावी कीं नवी नळी बसवावी ?

पिकाच्या राखणीसाठीं परवान्याची रायफल बाळगणारे कास्तकार आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत. त्यांपैकीं कित्येकांजवळ ३१५ बोअरची, ईशापूरच्या कारखान्यांत तयार झालेली, वडिलांच्या वेळची रायफल असते. ती नेम चुकवूं लागली म्हणजे विकून टाकावी कीं तिला नवी नळी बसवून घ्यावी, असा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न जसा पैशाचा तसाच जिवाचाहि आहे. कारण जखमी झालेलें रानडुक्कर राखणदारावर उलटतें, आणि भलतीकडे गेलेली गोळी शेजारच्या वस्तीपर्यंत पोंचूं शकते. म्हणून या बाबतींत निर्णय कसा करावा, याचें थोडक्यांत विवेचन येथें करीत आहों.

पहिली गोष्ट ही कीं, नेम चुकतो म्हणजे नळीच झिजली, असें समजूं नये. दस्त्याचे स्क्रू ढिले झाले, पावसाळ्याच्या ओलाव्यानें दस्त्याचें लांकूड फुगून नळीवर दाबूं लागलें, माशी जागची हलली, किंवा गोळीच्या धातूचा थर नळींत सांचला, तरी नेम बिघडतो. नळीच्या तोंडाची कड दुखावली असली तरीहि तोच परिणाम होतो. ती कड कारागिराकडून पुन्हां सारखी करून घेण्यास खर्च थोडा येतो. हे दोष आधीं दूर करावे. मगच नळीचा विचार करावा.

नळीच्या आंत जे पिळदार आटे असतात, ते गोळीला भोंवऱ्याप्रमाणें गति देतात आणि त्या गतीमुळेंच गोळी सरळ जाते. हे आटे तीन कारणांनीं जातात. काडतुसाच्या घरापुढील भाग दारूच्या तप्त वायूनें झिजतो. तोंडाकडून गज घालून साफ केल्यानें तोंडाजवळचा भाग घांसला जातो. आणि तिसरें कारण गंज. जुन्या तऱ्हेच्या टोपीचें काडतूस उडालें म्हणजे नळींत क्षार राहतो, तो हवेंतील ओलावा ओढून घेतो व पोलाद खातो. वर्षांत मोजकींच काडतुसें उडविणाऱ्या कास्तकाराची नळी गोळ्यांनीं सहसा झिजत नाहीं; ती गंजानें जाते. म्हणून बोल्ट काढून मागील बाजूनें नळी साफ करणें व तिला तेलाचा हात देणें, ही संवय फार मोलाची आहे.

नळीची खरी परीक्षा डोळ्यानें होत नाहीं, कागदावर होते. परवानगी असलेल्या चांदमारीच्या मैदानावर रेतीच्या पिशवीवर रायफल टेकवून ५० यार्डांवरील कागदावर चांगलीं पांच काडतुसें उडवावीं. नळींत थोडे खड्डे दिसत असूनहि गोळ्या जवळजवळ बसल्या, तर नळीला हात लावूं नये. गोळ्या दूरदूर पांगल्या आणि छिद्रें वाटोळीं न पडतां लांबट पडलीं, तर गोळी आडवी जात आहे, आणि नळीचें काम संपलें असें समजावें.

यानंतर पाहावयाचें तें बोल्ट व ज्यांत नळी बसते तो भाग, ज्यास कारागीर रिसीव्हर म्हणतात. त्यांस चीर असेल, किंवा बोल्टचे अडकणारे खांच दबले असतील, तर नवी नळी बसविणें व्यर्थ होय. ते भाग मजबूत असले, तरी काम नाजूक आहे. नळी आट्यांत घट्ट बसवून काडतुसाचें घर अचूक मापाचें करावें लागतें. बोल्ट व काडतूस यांत अंतर अधिक राहिल्यास काडतूस फाटून वायु तोंडावर येतो. म्हणून तें परवानाधारक कारागिराकडूनच करवावें व जादा दाबाच्या काडतुसाची कसोटी झाल्यावांचून रायफल ताब्यांत घेऊं नये. गांवच्या लोहारास तें देणें धोक्याचें तर आहेच, शिवाय बेकायदेशीरहि आहे.

आतां हिशेब. नळीची किंमत, बसविण्याची मजुरी, कसोटी, जाण्यायेण्याचा खर्च आणि हंगामांत रायफल घरांत नसण्याचें नुकसान, हें सर्व एकत्र मांडावें. ही बेरीज त्याच जातीच्या दुसऱ्या सुस्थितींतील रायफलीच्या किंमतीहून अधिक होत असेल, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा तो व्यवहार होईल.

हिशेब जुळला तरी गरज पाहावी. हौशी शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आणि त्यांतील १९९१ च्या दुरुस्तीनें बंद झाली. रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासाडी करीत असले तरी सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवांचून मारतां येत नाहींत. शिवाय रायफलीची गोळी मैलाहून अधिक दूर जाते. ज्यांचें शेत वस्तीला लागून आहे, त्यांस छऱ्याची १२ बोअरची बंदूक अधिक बरी. तिचे छरे थोड्याच अंतरावर पडतात व तिच्या नळींत झिजावयास आटेच नसतात. अशांनीं रायफल विकणेंच योग्य.

विक्री करतांना १९५९ चा शस्त्र कायदा ध्यानांत ठेवावा. घेणारा परवानाधारक असावा. त्याचें नांव व पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस लोटल्यावरच शस्त्र हवालीं करावें. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोहोंपेक्षां अधिक बंदुका ठेवतां येत नाहींत. म्हणून जुनी न विकतां नवी घेऊं पाहणाऱ्यानें आपली संख्या आधीं मोजावी. नवी नळी बसविली, तर तिच्यावरील क्रमांकाची नोंद परवान्यावर करून घ्यावी.

नळीचा दोष घेणाऱ्यापासून लपवूं नये. खोडीचा बैल खोड सांगून विकला तर किंमत थोडी कमी येते, इतकेंच. परंतु झिजलेली रायफल चांगली म्हणून विकली, तर तिच्या भरंवशावर रात्रीं शेतांत उभा राहणारा मनुष्य कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष असतो. कागद, बोल्ट आणि गरज या तीन कसोट्या जेथें अनुकूल असतील, तेथेंच नवी नळी बसवावी. एक जरी प्रतिकूल असेल, तर खरें सांगून रायफल विकावी, आणि तिचे मोडके भाग ज्यास जोखमीचे दिसतील, त्यानें ती कोणाच्याहि हातीं न देतां रीतसर पोलीस ठाण्यांत जमा करावी.