पीएचडी, बैठं काम आणि शतपावली: व्यायामावरचं संशोधन कसं वाचायचं?

गेल्या जानेवारीत आमच्या अंजनगावात एका आरोग्य शिबिरात गेले होते. आईची साखर तपासायची होती, मी आपली सोबतीला. तिथला मुलगा म्हणाला, "ताई, तुमचंही घेऊन टाकू." मीही हात पुढे केला. आईला आठ वर्षांपासून मधुमेह आहे, त्यामुळे तिच्या रिपोर्टमध्ये नवीन काही नव्हतं. धक्का माझ्या रिपोर्टने दिला. एचबीए१सी ६.१.

ज्यांना हा आकडा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व अवस्था, ६.५ आणि पुढे मधुमेह. (आपल्या विदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवा. सिकलसेलचा अंश असेल किंवा रक्त कमी असेल, तर हा आकडा फसवू शकतो. म्हणून डॉक्टरांनी मला उपाशीपोटी आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशा दोन्ही तपासण्या पुन्हा करायला लावल्या. निदान तेच निघालं.)

वय २८, वजन बेताचं, व्यसन काही नाही. मग हे कुठून आलं? एक कारण घरातच आहे, आई. दुसरं कारण म्हणजे मागची चार वर्षं. सकाळी दहाला प्रयोगशाळेत स्टुलावर, दुपारी लॅपटॉपसमोर, रात्री प्रबंधाचं प्रकरण लिहीत पुन्हा खुर्चीत. तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल तर तुमचा दिवसही काही वेगळा नसेल. म्हणून ही पोस्ट. व्यायाम करा हे सांगायला मी कशाला पाहिजे, ते तर सगळेच सांगतात. पण त्यामागचं संशोधन वाचायला बसले, तेव्हा लक्षात आलं की कोर्सवर्कमध्ये आपण संशोधनपद्धतीचे जे शब्द नुसते पाठ करतो, ते इथे जिवंत भेटतात.

सुरुवात लंडनच्या बसपासून. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास छापला. लंडनच्या दुमजली बसमध्ये दोन माणसं कामाला. ड्रायव्हर पाळीभर बसलेला, कंडक्टर दिवसभर वर-खाली जिने चढणारा, रोजच्या पायऱ्या पाचशेच्या वर. पगार, वस्ती, समाजातली जागा दोघांची जवळपास सारखीच. सुमारे ३१,००० वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तर कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि झाला तरी उशिरा आणि कमी घातक. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकड्यांत दाखवणारा हा पायाचा अभ्यास मानतात. अमरावतीच्या खच्चून भरलेल्या एसटीत कंडक्टर मागून पुढे वाट काढत येतो, तेव्हा मला हमखास मॉरिस आठवतात.

आता जरा थांबा. तुम्ही मुलाखतीला बसलात आणि समितीने विचारलं, "या अभ्यासात खोट काय?" तर काय सांगाल?

खोट मॉरिस यांच्याच गटाने शोधली. १९५६ साली त्यांनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या. कंपनी कर्मचाऱ्यांना पँट शिवून देई, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचं माप लिहिलेलं होतं. त्यात दिसलं की तरुण वयापासूनच ड्रायव्हरांच्या कमरा कंडक्टरांपेक्षा जाड होत्या. म्हणजे खुर्चीने माणूस जाड झाला एवढंच नाही, मुळातच जाडसर माणसं खुर्चीच्या कामाकडे गेली असण्याची शक्यता होती. यालाच निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. पुस्तकातली व्याख्या मी तीनदा पाठ केली होती, पण डोक्यात बसली ती या पँटींमुळे. स्वतःच्या गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेऊन ती छापायची, हे मला त्या निष्कर्षापेक्षाही मोठं वाटतं.

मग कार्यकारण सिद्ध कसं करायचं? माणसं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटायची. मधुमेहासाठी असा प्रयोग आपल्याच देशात झाला आहे. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ५३१ जणांचे चार गट केले. एकाला नेहमीचा सल्ला, दुसऱ्याला आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. निष्कर्ष २००६ साली आले. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायामाच्या गटात ३९.३ टक्के, गोळीच्या गटात ४०.५ आणि दोन्ही घेणाऱ्यांत ३९.५ टक्के.

वही काढा आणि गणित करा. ५५ वजा ३९.३ म्हणजे १५.७. ही निव्वळ घट. तिला ५५ ने भागलं की २८.५ टक्के, ही सापेक्ष घट. बातमीत दुसरा आकडा येतो, कारण तो मोठा दिसतो. मला स्वतःला पहिला जास्त उपयोगी वाटतो. १०० ला १५.७ ने भागा, ६.४ येतात. म्हणजे माझ्यासारख्या साधारण सहा-सात जणांनी तीन वर्षं नेटाने केलं, तर एकाचा मधुमेह टळतो किंवा लांबतो. तो एक मीच असेन याची खात्री कोणी देत नाही. आणि हेही पाहा, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त तीन वर्षांत मधुमेहात गेले. तो ५५ चा आकडा वाचून त्या रात्री मला झोप लागली नव्हती, हे खरं सांगते.

या अभ्यासातली एक बारीक गोष्ट बाबांसाठी कामाची निघाली. आमचे बाबा पानमळ्यात आणि पानपिंपळीत दिवस काढतात. त्यांना चालायला चला म्हटलं की ठरलेलं उत्तर, "दिवसभर वावरात असतो मी. मले कायले पायजे तुहा व्यायाम?" तर चेन्नईच्या प्रयोगातही जे आधीच अंगमेहनत करत होते किंवा रोज अर्ध्या तासाहून जास्त चालत-सायकल चालवत होते, त्यांना तेच चालू ठेवा असं सांगितलं होतं. हालचाल मोजताना काम, ये-जा आणि मोकळ्या वेळातला व्यायाम हे तिन्ही धरतात. त्यामुळे बाबांचा मुद्दा अगदीच चूक नाही. त्यांच्यासोबत वाद घालणं मी सोडलं. प्रश्न माझा आहे, मी वावरात नसते.

माझ्यासारखे किती? आयसीएमआर-इंडिअ‍ॅब अभ्यासाचा पहिला टप्पा २०१४ मध्ये छापून आला, त्यात महाराष्ट्रही होता. १४,२२७ लोकांत ५४.४ टक्के निष्क्रिय, शहरात ६५ आणि खेड्यात ५० टक्के. महाराष्ट्रातल्या ९१.३ टक्के लोकांनी मोकळ्या वेळात व्यायाम असा काही करतच नाही असं सांगितलं. हे त्या अमरावती जिल्ह्याचं राज्य, जिथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि जिथला चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डी दाखवून आला. आखाड्याची परंपरा असणं आणि घराघरात व्यायाम असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

लागतो किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. १५० ला सातने भागा, दिवसाला २१-२२ मिनिटं. पूर्वी अशी अट होती की सलग दहा मिनिटं झाली तरच मोजायची. ती अट आता काढली आहे. विभागाचे दोन मजले जिन्याने चढलात तरी ते खात्यात जमा. दहा हजार पावलांचं टेन्शन तर घेऊच नका. तो आकडा १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्या प्रयोगातून नाही.

माझी खरी अडचण माहितीची नव्हतीच, वेळ आणि जागेची होती. पहिल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला रस्त्यावर निघाले. पहिल्या दिवशी कुत्री मागे लागली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू. "काय वं पोरी, इतक्या अंधारात कुठं चालून राहिली?" तिसऱ्या दिवशी हाच प्रश्न आईला विचारला गेला. चौथ्या दिवशी मी घरीच. २०२४ च्या एका मोठ्या विश्लेषणात भारतातल्या ५७ टक्के महिला आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी हालचाल करत नाहीत असं आलं होतं. हा १५ टक्क्यांचा फरक आळसाचा आहे असं कोणी म्हणालं, तर त्यांना आमच्या गल्लीत पहाटे पाठवते.

मग शतपावली आठवली. २०१३ मधला एक छोटा प्रयोग आहे: साखर वाढण्याचा धोका असलेल्या साठीपुढच्या माणसांना एकदा सलग ४५ मिनिटं चालवलं आणि एकदा तीन जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. दिवसभराची साखर दोन्हींनी सुधारली, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवायला जेवणानंतरचं चालणंच सरस ठरलं. कारण समजायला सोपं आहे, जेवणातली साखर रक्तात उतरत असतानाच पायाचे स्नायू ती ओढून घेतात. मात्र नमुना फक्त दहा जणांचा! आणि मी साठीची नाही. एवढ्यावर प्रबंध उभा राहणार नाही, पण फुकटचा, बिनधोक उपाय करून पाहायला एवढा पुरावा मला पुरला. शिवाय जेवणानंतर मायलेकी अंगणात चालतात याला काकूंचीही हरकत नसते.

सवय लागायला किती दिवस? २१ दिवस हे ऐकीव आहे. लंडनमध्ये फिलिपा लाली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये आला. मध्यक ६६ दिवस, पल्ला १८ ते २५४. आता इथेही बारकाईने वाचा. अभ्यास चालला ८४ दिवस, मग २५४ कुठून आले? आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे तो. आणि आलेख नीट जुळला तो ३९ जणांचाच. तरी मला त्यातली एक गोष्ट धीर देते. एखादा दिवस चुकला तर सवय मोडली असं दिसलं नाही.

दुसरा उपयोगी प्रयोग २००२ चा, ब्रिटनमधल्या २४८ विद्यार्थ्यांवरचा. एका गटाला व्यायामाचे फायदे वाचायला दिले, दुसऱ्याला फायदे वाचून झाल्यावर अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक जागी करीन असं लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात व्यायाम केला असं सांगणारे: काहीच न मिळालेल्यांत ३८ टक्के, फायदे वाचणाऱ्यांत ३५, लिहून ठरवणाऱ्यांत ९१. म्हणजे या पोस्टचा पहिला अर्धा भाग तुम्हाला हलवणार नाही, हे मला माहीत आहे. 'केला असं सांगणारे' हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत, कोणी उभं राहून मोजलं नव्हतं.

माझ्या वहीत जे लिहिलं ते असं. रात्री जेवणाची ताटं उचलली की आईसोबत अंगणात आणि गल्लीच्या टोकापर्यंत १५ मिनिटं. विभागात सेंट्रीफ्यूज लावला की जिना, तो थांबेपर्यंत. तसंही ती दहा मिनिटं मी मोबाईलच पाहत होते. मंगळवारी आणि शनिवारी गच्चीवर बैठका, आणि भिंतीला हात टेकून जोर, कारण जमिनीवर मला अजून चार जमतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा गच्ची सकाळी सातच्या आत किंवा नाहीच. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चपलेला धरतो, म्हणून तेव्हा ओसरीत सूर्यनमस्कार. पाहुणे आले, परीक्षा आली, सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन आलं की आठवडा जातो. एप्रिलमध्ये अकरा दिवस गेले होते.

जूनअखेर पुन्हा तपासलं, ५.८. आईने पेढे आणू नका म्हणून स्वतःच बजावलं. मी खूश झाले, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? नमुना एकाचा, तुलनेला गट नाही. त्याच काळात मी चहातली साखर सोडली होती. पहिला आकडा मुळात थोडा चढा आला असेल तर दुसरा आपोआप सरासरीकडे सरकला असेल. तपासणीतलाही थोडा फरक असतो. तेव्हा ०.३ मधले किती शतपावलीचे आणि किती चहाचे, हे मला सांगता येणार नाही. पुढची तपासणी डिसेंबरात आहे. आईचं एचबीए१सी या वेळी ८.२ वरून ७.६ वर आलंय, पण तिच्या गोळीचा डोसही मार्चमध्ये बदलला होता.