घरामागे ०.३ मूल

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाशी घराचा विषय काढा. तो आधी मालमत्ता करावर येतो आणि मग शाळेवर. ही दोन दुखणी एकमेकांत कशी अडकली, याचं मला फार जुनं कुतूहल. त्याचं उत्तर ज्या एका कलमात मिळालं, ते त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ सालच्या ‘माउंट लॉरेल’ निकालपत्राच्या पोटात दडलेलं आहे. कायद्याच्या वर्गात हे निकालपत्र तत्त्वासाठी शिकवतात. मी ते तपशिलांसाठी पुन्हा पुन्हा उघडतो.

फिलाडेल्फियाहून डेलावेअर नदी ओलांडली की काही मैलांवर बर्लिंग्टन काउंटी लागते. क्षेत्रफळात राज्यात सर्वांत मोठी, लोकसंख्येने मात्र मध्यम, २०२० च्या जनगणनेत ४ लाख ६२ हजारांच्या आसपास. त्यातली माउंट लॉरेल ही २२ चौरस मैलांची टाउनशिप. १९५० साली तिथे २,८१७ माणसं होती, १९७० मध्ये ११,२२१. मधल्या वीस वर्षांत महामार्ग आले आणि शेतांचे प्लॉट पडले. हे सगळ्या अमेरिकेत झालं, त्यावर वेळ घालवत नाही.

गंमत आहे ती १९६४ च्या झोनिंग नियमांत. राहण्यासाठी राखलेल्या सगळ्या जमिनीवर परवानगी एकाच प्रकारच्या घराला, एका प्लॉटवर एका कुटुंबाचं सुटं घर. एका मोठ्या पट्ट्यात प्लॉट किमान अर्ध्या एकराच्या आसपास हवा आणि घर किमान १,१०० चौरस फुटांचं. चाळीसारख्या जोडघरांना किंवा फ्लॅटना त्यात जागाच नाही. दुसरीकडे जवळजवळ तीस टक्के जमीन, म्हणजे ४,१२१ एकर, उद्योगांसाठी राखून ठेवलेली. प्रत्यक्षात उद्योग होते जेमतेम शंभर एकरांवर. उरलेली जमीन कारखान्यांची वाट बघत पडून. कारण सरळ आहे. तिथे शाळेचा खर्च मुख्यतः गावच्या मालमत्ता करातून निघतो. कारखाना कर भरतो आणि शाळेत मूल पाठवत नाही. स्वस्त घरातलं कुटुंब कर थोडा भरतं आणि वर तीन मुलं घेऊन येतं!

पुढे बिल्डरांना काही मोठ्या वसाहतींत फ्लॅट बांधायला परवानगी मिळाली, आणि मी म्हणतो ते कलम इथे येतं. त्यातल्या एका मंजुरीत अट अशी, की एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शाळकरी मूल राहता कामा नये आणि दोन बेडरूममध्ये दोनांहून जास्त नकोत. शिवाय बिल्डरने जमिनीवर कायमचा करार नोंदवून द्यायचा. कोणत्याही वर्षी दर फ्लॅटमागे सरासरी ०.३ हून अधिक मुलं गावच्या शाळेत आली, तर वरच्या मुलांचा सगळा खर्च बिल्डरने सोसायचा. घरं परवडत नाहीत म्हणून लाकूड, मजुरी, व्याजदर यांवर खापर फोडणाऱ्यांनी हा ०.३ चा आकडा जरूर बघावा. इथे भाव बाजाराने वाढवला नव्हता, गावच्या समितीने ठराव करून वाढवला होता.

याच गावात स्प्रिंगव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. काही कुटुंबं कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून राहत. टाउनशिप ती राहण्यास अयोग्य ठरवून पाडत होती, पण पर्यायी जागा देत नव्हती. पाळणाघरात काम करणाऱ्या एथेल लॉरेन्स याच समाजातल्या. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. वस्तीतल्या लोकांनी ३६ परवडणाऱ्या फ्लॅटची योजना मांडली. १९७० मध्ये महापौर चर्चमध्ये आले आणि त्यांनी सुनावलं, की इथे राहणं परवडत नसेल तर गाव सोडा. लॉरेन्सबाईंनी गाव सोडलं नाही. १९७१ मध्ये त्या इतरांबरोबर कोर्टात गेल्या.

न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी प्रश्न वंशापेक्षा उत्पन्नाच्या अंगाने सोडवला. वाढत्या प्रत्येक गावाने आपल्या परिसरातल्या गरजेचा न्याय्य वाटा उचलायचा, गरिबांना नियमांच्या कुंपणाबाहेर ठेवायचं नाही. यावर टाउनशिपने काय केलं? तीन ठिकाणची मिळून वीसेक एकर जमीन स्वस्त घरांसाठी दाखवली, एकूण जमिनीच्या पाव टक्क्याहूनही कमी. त्यातला एक तुकडा चारही बाजूंनी औद्योगिक जमिनीत अडकलेला, जवळपास ना पाण्याची जोडणी ना गटाराची. कोडगेपणाला दाद द्यावी लागते.

१९८३ च्या दुसऱ्या निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट विलेन्ट्झ यांनी हत्यार बदललं. जो बिल्डर प्रकल्पात साधारण वीस टक्के घरं परवडणारी ठेवेल, तो अडवणाऱ्या गावाला कोर्टात खेचून परवानगी मिळवू शकेल. बिल्डरचा नफा न्यायाच्या गाडीला जुंपला गेला. मला त्यात काही गैर वाटत नाही, कारण सद्भावनेवर आठ वर्षं फुकट गेलीच होती. गावं हबकली आणि १९८५ मध्ये विधिमंडळाने तडजोडीचा कायदा केला. त्यात पळवाट अशी, की आपला निम्म्यापर्यंतचा वाटा पैसे मोजून दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालता येई. गरिबी शेजारी पाठवण्याची ही सोय २००८ पर्यंत चालली.

लॉरेन्सबाई १९९४ मध्ये गेल्या. त्यांच्या नावाच्या वसाहतीला १९९७ मध्ये मंजुरी मिळाली, तीही सभागृह खचाखच भरलेल्या सभांमधल्या आरडाओरड्यानंतर. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर वाढेल, हे तीन आक्षेप. २००० मध्ये भाडेकरू राहायला आले, पुढे घरं १४० झाली. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी सहकाऱ्यांसह अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक काढलं. त्यांनी शेजारच्या तशाच गावांशी आकडे ताडून पाहिले, तर तिन्हींपैकी एकही भीती खरी ठरली नव्हती. आसपासच्या कित्येकांना तर अशी वसाहत शेजारी आहे हेच ठाऊक नव्हतं.

२०२४ मध्ये न्यू जर्सीने नवा कायदा केला. त्यानुसार २०२५ पासूनच्या दहा वर्षांसाठी गावोगावचे वाटे नव्याने ठरले आहेत आणि नियोजन मंडळांपुढे हेच वाद पुन्हा येत आहेत. जर्सीतल्या मराठी वाचकांना एवढंच सांगणं आहे, की तुमच्या टाउनशिपच्या सभेला जरूर जा. तिथे ‘शाळेवर ताण येईल’ असं म्हणायला उठण्याआधी हे निकालपत्र मात्र एकदा वाचा.