टाकळी ढोकेश्वरचा बिबट्या आणि पडद्यावरचा बोलका बछडा

कल्याण-नगर रस्त्यावरचं टाकळी ढोकेश्वर हे पारनेर तालुक्यातलं गाव ढोकेश्वराच्या लेण्यासाठी प्रसिद्ध आहे. वन्यजीव अभ्यासकांना मात्र ते एका विहिरीमुळे ठाऊक आहे. २००९ च्या उन्हाळ्यात या विहिरीत एक प्रौढ बिबट्या पडला. वन खात्याने त्याला सुखरूप बाहेर काढलं. डॉ. विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आलं. शांत, वयस्कर भासणाऱ्या या बिबट्याचं नाव पडलं ‘आजोबा’. पुढच्या महिनाभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालला. महामार्ग, रेल्वेरूळ आणि खाडी ओलांडून त्याने मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क, गाठलं.

पारनेरच्या घरांत मुलांना बोलक्या प्राण्यांचा सिनेमा दाखवताना हा बिबट्या आठवावा, असं मला मनापासून वाटतं. याच नॅशनल पार्कात एका बोलक्या बिबट्याची गोष्ट घडते. तो सिनेमा म्हणजे निखिल अडवाणी यांचा ‘दिल्ली सफारी’. ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रदर्शित झालेला हा ॲनिमेशनपट पारनेरच्या शेजारच्या जिल्ह्यातला, पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचा. त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या बेगम या बिबट मादीला आवाज दिला आहे उर्मिला मातोंडकर यांनी. दीड वर्षाने, मे २०१४ मध्ये, सुजय डहाके यांचा मराठी ‘आजोबा’ आला. टाकळी ढोकेश्वरच्या बिबट्यावरून घेतलेल्या या सिनेमात त्याच्या मागावर निघालेल्या संशोधिकेची भूमिका पुन्हा उर्मिला मातोंडकर यांचीच! एकीकडे बिबट्याची आई होऊन बोलणारी आणि दुसरीकडे अबोल बिबट्याच्या पावलांचा माग काढणारी, अशी दोन्ही कामं एकाच अभिनेत्रीने करावीत, हा योग विलक्षणच.

‘दिल्ली सफारी’त बिल्डर जंगल तोडायला येतात आणि युवी या बछड्याचा बाप सुलतान माणसांच्या हातून मारला जातो. मग बछडा, त्याची आई, माकड बजरंगी आणि अस्वल बग्गा संसदेत गाऱ्हाणं मांडायला दिल्लीला निघतात. यातली एक गोष्ट मला फार आवडते. प्राणी आपसात बोलतात, पण माणसांना ते कळत नाही. म्हणून त्यांना माणसांची भाषा येणारा ॲलेक्स नावाचा पोपट बरोबर घ्यावा लागतो. प्राण्याचं बोलणं आपल्या कानी जसंच्या तसं पोचत नाही, हे इतक्या सोप्या रीतीने मुलांपुढे क्वचितच येतं.

पण हा सिनेमा तीन-चार वर्षांच्या मुलाला दाखवावा का? मी म्हणेन, नको. सुलतानचा मृत्यू अगदी सुरुवातीलाच येतो, बापलेकाच्या लाडिक गप्पांनंतर लगेच. या प्रकारच्या सिनेमात ही रीतच पडली आहे. १९४२ च्या ‘बॅम्बी’त पाडसाची आई मरते, १९९४ च्या ‘द लायन किंग’मध्ये छाव्याचा बाप. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली एक अभ्यास आला होता. त्यात मुलांच्या ॲनिमेशनपटांची मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांशी तुलना केली होती. मुख्य पात्राचे आईवडील मरण्याची शक्यता मुलांच्या सिनेमात पाचपटीहून जास्त निघाली.

आपल्या गोष्टींतही भय आहेच. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ अडवतो, खाण्याची भाषा करतो. पण सांगणारी आजी नातवाचा चेहरा बघत असते. पोर बावरलं की ती वाघाचा आवाज मऊ करते, म्हातारीला पटकन पुढे ढकलते. अंधाऱ्या थिएटरातला आवाज असा कमी होत नाही.

दुसरा मुद्दा पारनेरसाठी अधिक मोलाचा आहे. टोरांटो विद्यापीठाच्या पॅट्रिशिया गॅनिया आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची चित्रपुस्तकं वाचून दाखवली. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकातले प्राणी माणसासारखे बोलले-वागले, तर खरे प्राणीही तसेच विचार करतात, असं मुलं जास्त मानू लागली. शहरातल्या मुलाच्या बाबतीत हा गैरसमज फारसा धोक्याचा नाही. पण कुकडीच्या काठच्या ऊसपट्ट्यात बिबट्या दाराशी येतो, आणि पलीकडच्या जुन्नर-शिरूर भागात लहान मुलांवर जीवघेणे हल्ले झाले आहेत. तिथे तीन वर्षांच्या मुलाने बिबट्याला युवी समजणं परवडणारं नाही.

सेन्सॉरचा शिक्का काही प्रमाणात मदत करतो. २०१६ च्या ‘द जंगल बुक’ला आपल्याकडे यूए प्रमाणपत्र मिळालं, तेव्हा मोगलीच्या गोष्टीला कशाला पालकांचं मार्गदर्शन, म्हणून बराच गदारोळ झाला. पण संगणकावर घडवलेला तो शेरखान इतका अस्सल दिसतो आणि थ्रीडीत असा अंगावर येतो की मंडळाचं म्हणणं मला तरी रास्त वाटतं. आता २०२४ च्या नियमांनी यूएचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढचे असे तीन गट केले आहेत. बोलक्या प्राण्यांच्या सिनेमाला यू नसेल, तर तो कोणत्या गटात आहे हे तिकीट काढण्याआधी जरूर पाहावं. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीड तासाचा सिनेमा त्यात बसतच नाही.

माझ्या मते ‘दिल्ली सफारी’ सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना घरी, दोन बैठकांत, आईवडिलांपैकी कुणीतरी शेजारी बसून दाखवावा. सुलतानच्या प्रसंगाला सिनेमा थांबवून मुलाशी बोलावं. मूल दहाएक वर्षांचं झालं की ‘आजोबा’ दाखवावा आणि टाकळी ढोकेश्वरची गोष्टही सांगावी. तिचा शेवट लपवू नये. डिसेंबर २०११ मध्ये तो बिबट्या मुंबईजवळ वाहनाच्या धडकेत मेला आणि अंगातल्या मायक्रोचिपमुळे त्याची ओळख पटली.

सिनेमा कोणताही असो, त्याच संध्याकाळी मुलाला हेही सांगावं: अंधार पडल्यावर एकट्याने अंगणाबाहेर जायचं नाही, उसाच्या कडेला खाली वाकून किंवा बसून खेळायचं नाही, मोठ्यांसोबत जातानाही मोठ्याने बोलत जायचं. बिबट्या दिसला तर त्याच्याजवळ न जाता घरच्यांना सांगायचं. घरच्यांनी वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करावा.