जुनी आरसी ड्रिफ्ट कार: आधी पैसे कुठे घालायचे?
सेकंड हँड आरसी ड्रिफ्ट कार घेतल्यावर मी आधी दमदार मोटर बसवली. गाडी नुसती गरगर फिरायला लागली! मागच्या चाकांवर चालणाऱ्या ड्रिफ्ट कारला आधी जायरो हवा. फोनमध्ये व्हिडिओ स्थिर ठेवायला असतो ना, तसाच सेन्सर. मागचा भाग उजवीकडे घसरला की तो लगेच पुढची चाकंही उजवीकडे वळवतो. हाताने ढकलून तपासा. चाकं उलटी वळली तर जायरोची दिशा बदला.

टायर गुळगुळीत, कडकच हवेत. पीव्हीसी पाइपाच्या कापलेल्या रिंगा चाकांवर घट्ट बसवल्या तरी चालतं. मी तेच केलं.

सोबत आलेली लायपो बॅटरी मात्र फुगलेली होती. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून चार्ज न करता ई-कचऱ्यात दिली. नवीन घ्यायला पैसे कुठे होते? ते मोटरमध्ये गेले होते.