शब्दांमागचं जग : १७ – पेप रॅली

"मामा, शुक्रवारी शेवटच्या तासाला पेप रॅली आहे. पालकांना परवानगी आहे, येशील?" टेक्सासमध्ये बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाचीने हे विचारलं. रॅली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर झेंडे लावलेल्या मोटारसायकली आल्या. शाळेच्या आवारात मोटारसायकली कशाला, असं मी विचारलं आणि ती पोट धरून हसली.

शुक्रवारी गेलो. बास्केटबॉलच्या बंदिस्त मैदानाच्या दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांची लाकडी बाकं होती. नववीपासून बारावीपर्यंत चार इयत्ता, चार गटांत बसलेल्या. भाची शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तिच्या बरोबर मागे ढोलवाली मुलं उभी होती. त्यांच्या कानांत फोमचे बोळे होते, तिच्याही. पहिला ठोका पडला आणि बाकाची फळी माझ्या पायाखाली थरथरली. मग चिअरलीडर एकेका इयत्तेला साद घालू लागल्या. नववीला बाकीच्यांनी हुर्यो केली, बारावीची आरोळी छताला लागली. शाळेचं बोधचिन्ह असलेल्या प्राण्याचा पोशाख घालून एक मुलगा कोलांट्या मारत होता. शेवटी संघ आला. कप्तान सतरा वर्षांचा. त्याच्या हाती माईक दिला, तर त्याला दोन वाक्यंही धड बोलता येईनात. पण तो थांबला की पायऱ्यांवरून आवाज यायचा आणि त्याचं वाक्य पुरं व्हायचं. सामना त्याच रात्री होता, अजून कोणीही जिंकलं नव्हतं.

पेप रॅली म्हणजे हे. सामन्याआधी सगळ्या शाळेने एकत्र जमून आपल्या संघाला हुरूप द्यायचा. अमेरिकेत शाळांचे फुटबॉलचे सामने बहुतेक शुक्रवारी रात्री आणि कॉलेजांचे शनिवारी असतात. म्हणून शाळेत ही रॅली शुक्रवारी दुपारी होते आणि कॉलेजात आदल्या रात्री. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा अमेरिकी खेळ, एवढं ध्यानात असू द्या.

आता शब्द. 'पेप' हे 'पेपर' या इंग्रजी शब्दाचं तुटलेलं रूप आहे. पेपर म्हणजे मिरी. अंगात तिखट आहे, धमक आहे, या अर्थाने अमेरिकेत मिरीचं नाव वापरलं जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचं अर्धुक उरलं, पेप. पण त्याच्याही मागे जा. इंग्रजी 'पेपर' लॅटिन 'पिपेर'वरून आला, लॅटिन शब्द ग्रीक 'पेपेरी'वरून, आणि ग्रीकांनी तो उचलला आपल्या 'पिप्पली'वरून. पिप्पली म्हणजे आजीच्या बटव्यातली पिंपळी, खोकल्यावर मधातून चाटवायची. व्यापाऱ्यांबरोबर पिंपळी पश्चिमेला गेली आणि पुढे तिचं नाव काळ्या मिरीला चिकटलं. टेक्सासच्या त्या शाळेच्या फलकावर चकाकत्या अक्षरांत जो 'पेप' लिहिला होता, तो आपल्या पिंपळीचाच दूरचा वंशज. हे भाचीला सांगितल्यावर तिने ते लगेच बँडमधल्या मैत्रिणींना सांगितलं. मला त्याचा फार आनंद झाला.

'रॅली' मात्र फ्रेंचमधून आलेली. पांगलेल्यांना पुन्हा एकत्र करणं, हा तिचा मूळ अर्थ. लढाईत फळी फुटली की सरदार निशाणाखाली माणसं गोळा करी, ती रॅली. मराठीत आपण हा शब्द तीन-चार ठिकाणी वापरतो: निवडणुकीची रॅली, बॅडमिंटनमधली लांबलेली रॅली, शेअर बाजारातली तेजी. पहिल्या अर्थाची आपल्याला एवढी सवय झाली आहे की पेप रॅली म्हटल्यावर मोर्चा किंवा फेरी डोळ्यांसमोर येते. पण पेप रॅलीत कोणी कुठे चालत जात नाही. भाषांतर करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की इथे 'हुरूप मेळावा' म्हणा. हुरूप हा शब्द आपल्याकडे तयार आहे आणि तो पेपच्या अर्थाला नेमका बसतो. 'उत्साहवर्धन कार्यक्रम' म्हटलं की समोर सतरंजी आणि हारतुरे दिसतात.

या प्रथेची मुळं कॉलेजांत आहेत. दोन अमेरिकी कॉलेजांमधला पहिला फुटबॉल सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीत झाला, रटगर्स विरुद्ध प्रिन्सटन. ठरीव आरोळ्यांचा रिवाजही त्याच काळात अशा कॉलेजांत रुजला. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाचा संघ हरत होता, तेव्हा जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि सगळ्यांकडून एका तालात आरोळी वदवून घेऊ लागला. चिअरलीडिंगचा आरंभ तिथून मानतात. म्हणजे हे काम आधी पुरुषांचं होतं. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले आयझेनहॉवर गुडघा दुखावून खेळ सुटल्यावर वेस्ट पॉइंटच्या सैनिकी अकादमीत चिअरलीडर झाले होते. मिनेसोटातच १९२३ पासून मुली या कामात आल्या.

अमेरिकी बोलण्यात हा शब्द टीकेसाठीही येतो. एखाद्या कंपनीच्या बैठकीत आकडे, अडचणी काही निघालं नाही, नुसत्या टाळ्या आणि घोषणा झाल्या, की बाहेर येऊन माणसं म्हणतात, ही तर पेप रॅली झाली. राजकीय सभेबद्दलही असंच म्हणतात. ही टीका रास्त आहे, कारण हिशेब मांडायच्या जागी हुरूप वाटणं ही फसवणूकच. शाळेतल्या रॅलीबद्दलही एक तक्रार खरी आहे. गोंगाट सहन न होणाऱ्या मुलांना तिथे बळेच बसवू नये. त्यांना वाचनालयात बसू देणाऱ्या शाळा आहेत आणि ते योग्यच आहे.

पण या शब्दाचा खरा कस पाहायचा तर टेक्सासमधल्याच कॉलेज स्टेशन या गावी जायला हवं. तिथे टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आहे. त्यांच्याकडे पेप रॅली म्हणत नाहीत, 'मिडनाइट येल प्रॅक्टिस' म्हणतात, मध्यरात्रीचा आरोळ्यांचा सराव. घरच्या मैदानावरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता हजारो विद्यार्थी काइल फील्ड या क्रीडांगणात जमतात. विद्यार्थ्यांनीच निवडून दिलेले पाच 'येल लीडर' पांढऱ्या कपड्यांत पुढे उभे राहतात आणि हाताची खूण करतात. पुढच्या रांगा ती खूण करून मागे देतात, त्यांच्या मागच्या आणखी मागे. खूण वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचली की सगळे कंबरेत वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून एकाच वेळी ओरडतात. सगळ्यात शेवटी दिवे मालवले जातात.

ए अँड एमचा पिढीजात प्रतिस्पर्धी म्हणजे ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ. त्या सामन्याआधी ए अँड एमचे विद्यार्थी हजारो ओंडके रचून प्रचंड होळी पेटवत. ही प्रथा १९०९ पासूनची. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली, तेव्हा रचलेली होळी त्यांनी न पेटवता उतरवली होती. ऑस्टिनकडे याला जोड म्हणून 'हेक्स रॅली' होती; हेक्स म्हणजे जादूटोणा. १९४१ मध्ये भविष्य सांगणाऱ्या एका बाईने तिथल्या विद्यार्थ्यांना लाल मेणबत्त्या लावायला सांगितलं होतं. काइल फील्डवर अठरा वर्षं न जिंकलेला त्यांचा संघ त्या वर्षी २३–० असा जिंकला आणि मेणबत्त्या कायमच्या झाल्या.

१८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास, रचाईचं काम चालू असताना, ए अँड एमची ओंडक्यांची रचना कोसळली. १२ जण गेले, २७ जखमी झाले. गेलेल्यांपैकी अकरा जण शिकत होते, एक माजी विद्यार्थी होता.

ऑस्टिनने त्या वर्षी हेक्स रॅली घेतली नाही. प्रतिस्पर्ध्यावर जादू करण्यासाठी जमणाऱ्या त्या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या कॉलेजच्या दुःखात सामील होण्यासाठी सभा भरवली. आपल्या विद्यापीठाच्या उंच मनोऱ्यावरचे दिवेही त्यांनी बंद ठेवले.

कॉलेज स्टेशनला होळी पेटायची होती ती रात्र २५ नोव्हेंबरची. त्या रात्री अपघाताच्या जागी चाळीस हजारांहून अधिक माणसं मेणबत्त्या घेऊन उभी राहिली. कित्येक जण दोन तासांपर्यंत शब्दही न बोलता उभे होते. मग ती सगळी गर्दी तिथून काइल फील्डला चालत गेली आणि येल प्रॅक्टिस झाली.

दुसऱ्या दिवशी मध्यांतराला ऑस्टिनच्या बँडने 'अमेझिंग ग्रेस' वाजवलं आणि टोप्या काढल्या. सामना ए अँड एमने २०–१६ असा जिंकला. त्यानंतर विद्यापीठाच्या आवारात होळी पुन्हा कधी रचली गेली नाही. येल प्रॅक्टिस अजून होते.