डीप लर्निंगसाठीं संगणक : विकत घ्यावा कीं भाड्यानें वापरावा?

भामरागड तालुक्यांतील आमच्या एका वाचकांनीं आम्हांस एक प्रश्न घातला आहे. त्यांचा मुलगा पदवी घेऊन घरीं आला असून, धानाच्या पानाचें छायाचित्र पाहून रोग ओळखणारें संगणकाचें मॉडेल कसें घडवावें, हें तो शिकत आहे. ह्या विद्येस ‘डीप लर्निंग’ असें नांव आहे. तिच्यासाठीं कोणता संगणक घ्यावा म्हणून शहरांतील एका दुकानदारास विचारलें असतां त्यानें दोन लाखांवर जाणारें यंत्र सुचविलें. “एवढी रक्कम उभी करावयाची तर बैलजोडी विकावी लागेल, विकावी काय?” असें हे गृहस्थ विचारतात. असा प्रश्न आज पुष्कळ शेतकरी घरांत उपस्थित होऊं लागला आहे. सबब त्याचें उत्तर आम्ही जरा विस्तारानें देत आहों.

प्रथम काम काय आहे तें पाहूं. नवशिक्या गड्यास आपण करपा, कडाकरपा, गादमाशीची पोंगी हीं पुनःपुन्हां दाखवितों. तो चुकला म्हणजे सांगतों, आणि हळूहळू त्याची नजर तयार होते. मॉडेल असेंच शिकतें. तें म्हणजे लाखों आंकड्यांची एक रचना असते. पानाचें चित्र पाहून तें अंदाज करितें. अंदाज चुकला कीं प्रत्येक आंकडा किंचित् बदलला जातो. आणि हजारों चित्रांवरून असे फेरे वारंवार होतात. ह्यास मॉडेलचें शिक्षण म्हणावें. शिक्षण जड आहे, परंतु शिकलेल्या मॉडेलचा उपयोग हलका आहे. मुंबईच्या वाधवानी एआय ह्या संस्थेनें कपाशीच्या कामगंध सापळ्यांतील बोंडअळीचे पतंग छायाचित्रावरून मोजणारें मॉडेल इतकें लहान केलें कीं, तें नेटवर्क नसतांहि साध्या मोबाईल फोनवर चालतें. तेव्हां मोठें यंत्र लागलेंच तर तें शिक्षणापुरतें लागतें. बांधीवर पान तपासण्यास खिशांतील फोन पुरतो.

आतां यंत्राकडे वळूं. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा थोडींच पण अवघड कामें झपाट्यानें करणाऱ्या कुशल कारागिरासारखा आहे. डीप लर्निंगचें काम मात्र रोवणीसारखें आहे. कृति सोपी, पण ती एकाच वेळीं शेंकडों हातांनीं झाली पाहिजे. हे हात ग्राफिक्स कार्डांत असतात. मूळ हीं कार्डें संगणकावरील खेळांचीं चित्रें रंगविण्यासाठीं निघालीं. २०१२ सालीं टोरोंटो विद्यापीठांतील तिघां संशोधकांनीं बारा लाख छायाचित्रांवर एक मॉडेल शिकविलें आणि ह्या विद्येस नवी दिशा दिली. त्यासाठीं त्यांनीं खेळाचींच दोन कार्डें वापरलीं. प्रत्येकाची मेमरी अवघी ३ जीबी होती व शिक्षणास पांच-सहा दिवस लागले. आज मध्यम किंमतीच्या एका कार्डांतहि त्याहून अधिक मेमरी असते, हें खरेदीपूर्वीं ध्यानांत ठेवावें.

कार्ड निवडतांना वेगापेक्षां त्याची स्वतःची मेमरी प्रथम पाहावी. यंत्र मंद असेल तर काम उशीरां होईल; पण मेमरी अपुरी पडली तर काम सुरूच होणार नाहीं. हिशेब असा : शिक्षणाच्या नेहमींच्या पद्धतींत मॉडेलच्या दर आंकड्यास सुमारें १६ बाइट जागा लागते. फोनवर चालणाऱ्या मोबाईलनेट मॉडेलच्या एका प्रकारांत सुमारें ३५ लक्ष आंकडे आहेत. त्यांस ५६ एमबी पुरते. रेसनेट-५० मध्यें अडीच कोटींवर आहेत. त्यांस सुमारें ४१० एमबी लागते. एका वेळीं जितकीं चित्रें पुढें ठेवावीं तितकी आणखी जागा लागते, तरीहि ८ जीबींत हें काम सुखानें होतें. उलटपक्षीं, मनुष्याशीं संभाषण करणाऱ्या मॉडेलांपैकीं लहान गणलेलें ७ अब्ज आंकड्यांचें मॉडेल मुळापासून शिकवावयाचें तर ११२ जीबी लागते. तें कोणत्याहि घरगुती कार्डास झेपणारें नाहीं. म्हणजे दोन लाखांचें यंत्र पानांच्या कामास फाजील व भाषेच्या मोठ्या कामास अपुरें, अशी त्याची स्थिति होते.

ह्या विद्येचीं बहुतेक साधनें प्रथम एनव्हिडिया कंपनीच्या कार्डांसाठीं तयार होतात, म्हणून शिकाऊ मनुष्यानें तेंच घ्यावें. केवळ नवें म्हणून कार्ड घेऊं नये. २०२३ सालच्या आरटीएक्स ४०६० मध्यें ८ जीबी मेमरी आहे. २०२१ सालच्या ३०६० च्या मूळ प्रकारांत १२ जीबी आहे. मेमरी हवी असल्यास जुनेंच सरस. परंतु नवें कार्ड ११५ वॅट विजेवर चालतें, जुन्यास १७० लागतात. बाकी संगणकास १६ जीबी, जमल्यास ३२ जीबी मुख्य मेमरी व एक टेराबाइटची एसएसडी असावी. लॅपटॉप हलवितां येतो, पण लवकर तापतो व त्यांतील कार्ड पुढें बदलतां येत नाहीं; टेबलावरचा संगणक त्याच किंमतींत अधिक काम देतो आणि त्याचा एकेक भाग सवडीनें सुधारतां येतो.

येथवरचा विचार कोठल्याहि गांवास लागू आहे. भामरागडास त्याहून निराळा विचार करणें प्राप्त आहे. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्यांच्या संगमाजवळचें हें गांव अनेक पावसाळ्यांत पुरामुळें बाकी जिल्ह्यापासून तुटत आलें आहे, आणि वीज व नेटवर्क ह्यांचा भरंवसा अशा दिवसांत मुळींच धरतां येत नाहीं. नेमका तोच काळ धानावर रोग येण्याचा. सबब विजेचा हिशेब अगोदर करावा. बारा व्होल्ट, १५० अँपियर-अवर बॅटरींत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी पूर्ण रिकामी करूं नये व कांहीं वीज वाटेंत जिरते, म्हणून १,२०० धरावेत. तीनशें वॅटांचा संगणक त्यावर चार तास चालेल. दहा हजार चित्रांवर लहान मॉडेल शिकविण्यास मध्यम कार्डास एक-दोन तास पुरतात. तेव्हां एका बॅटरींत काम उरकतें. मोठें कार्ड घेतलें तर ही सोय जाते. शिवाय प्रत्येक फेऱ्यानंतर मॉडेलची प्रत जपून ठेवण्याची शिस्त मुलानें पहिल्या दिवसापासून बाळगावी, म्हणजे वीज गेली तरी मागील श्रम वायां जाणार नाहींत.

आतां भाड्याच्या यंत्राविषयीं. मळणीयंत्र प्रत्येकाच्या खळ्यावर नसतें, हंगामापुरतें आणतात. मोठ्या संगणकाचेंहि तसेंच आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ व २०२० सालीं ‘परम सिद्धि-एआय’ हे महासंगणक उभे केले, ते अनेकांनीं वांटून वापरण्यासाठींच. गूगल कोलॅबवर नवशिक्यास मर्यादित वेळ विनामूल्य कार्ड मिळतें. कॅगलवर आठवड्यास सुमारें ३० तास मिळतात. केंद्र सरकारनें मार्च २०२४ मध्यें मंजूर केलेल्या इंडिया-एआय मिशनांतून मोठीं कार्डें सवलतीनें, तासास शंभर रुपयांहून कमी दरानें, देण्याची सोय झाली आहे. नेटवर्क दुबळें असतां छायाचित्रें धाडावींत कशीं, ही शंका रास्त आहे. फोनचें एक छायाचित्र ४ एमबी धरल्यास दहा हजारांचे ४० जीबी होतात. पण मॉडेलास लहान चित्रच लागतें. घरीं लहान करून एकेक २० केबीचें केलें कीं सगळीं मिळून २०० एमबी होतात. तीं आलापल्लीस बाजारास गेलें असतां एका बैठकींत धाडतां येतील.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट दुकानांत मिळत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत १४ पिकें व २६ रोग ह्यांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर मॉडेल शिकविलें. त्याच संग्रहांतील बाजूस ठेवलेलीं पानें त्यानें शेंकडा ९९.३५ अचूक ओळखलीं. तीं पानें तोडून सारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपलेलीं होतीं. इतर परिस्थितींत काढलेलीं छायाचित्रें पुढें येतांच तीच अचूकता शेंकडा ३१ च्या आसपास उतरली. यंत्र लहान होतें म्हणून असें झालें नाहीं. खरें शेत त्यानें पाहिलेंच नव्हतें. चिखल, सांवली, पावसाचे थेंब, एकाच पानावर दोन रोग, हें ज्याच्या बांधींत आहे त्याचीच छायाचित्रें येथें कामास येणार. प्रत्येक छायाचित्राखालीं रोगाचें नांव मात्र जाणत्यानें लिहिलें पाहिजे. त्यासाठीं कृषि विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञांचें साह्य घ्यावें. चुकीच्या नांवावर शिकलेलें मॉडेल चुकीचें औषध सांगेल, आणि तें औषध पाण्यासारखा पैसा खर्चून शेतकऱ्यासच फवारावें लागेल.

म्हणून आमच्या वाचकांस आमचें उत्तर असें. बैलजोडी विकूं नये. घरीं साधा संगणक असेल तर पहिले तीन महिने त्यावर व विनामूल्य कार्डावर मुलास शिकूं द्यावें. येत्या खरिपांत रोवणीपासून लोंबी भरेपर्यंत दर आठवड्यास त्यानें आपल्या व शेजाऱ्यांच्या बांधींतून छायाचित्रें जमवावींत आणि त्यांवर रोगांचीं नांवें घालून घ्यावींत. इतकें नेटानें झालें व विनामूल्य वेळ खरोखरच अपुरा पडूं लागला, म्हणजे ८ ते १२ जीबीच्या कार्डाचा, बॅटरीवर चालेल असा संगणक धान विकल्यावर घ्यावा. त्याहून मोठें काम निघालें तर यंत्र तासानें भाड्याचें घ्यावें. जें यंत्र आज दोन लाखांस मिळतें तें चार वर्षांनीं जुनें होईल. पण भामरागडच्या धानाचीं, जाणत्या नजरेनें तपासलेलीं दहा हजार छायाचित्रें ज्या घरीं असतील, त्या घरची ती ठेव कधीं जुनी होणार नाहीं.